मराठीला हसविणारे श्रीपाद कृष्ण

हसणे ही माणसाला मिळालेली मोठी देणगी आहे. परंतु सारेच हसणे सारख्या मोलाचे नसते. रस्त्यात एखादा वृद्ध ठेच लागून पडला म्हणजे काही मुले खो-खो हसतात. तेही हसणेच. तसेच शाळेच्या संमेलनात एखादा मुलगा मोठ्या माणसाची पगडी डोक्यावर चढवितो, ती कानांवरून खाली घसरून डोळ्यांवर येते, आणि सारी सभा हसते. त्या सभेत तो मुलगाही मनातून हसत असतो. हेही हसणेच. पहिल्या हसण्याने एकाच्या मनाला जखम होते. दुसऱ्याने सर्वांचे मन हलके होते. या दोहोंतील अंतर ज्याला कळले, त्याला विनोद कळला असे म्हणावयास हरकत नाही.

मराठी गद्यात हे दुसऱ्या प्रकारचे हसणे ज्यांनी मानाने आणून बसविले, ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर होत. मराठी विनोदी लेखनाचे आद्य प्रवर्तक म्हणून त्यांचा गौरव केला जातो. आपल्या बुलढाणा जिल्ह्याला त्यांच्याविषयी विशेष जिव्हाळा वाटावा, असेही एक कारण आहे. त्यांच्या आयुष्यातील बराच काळ खामगाव आणि जळगाव जामोद या आपल्याच जिल्ह्यातील गावी वकिली करण्यात गेला.

श्रीपाद कृष्ण यांचा जन्म २९ जून १८७१ रोजी विदर्भात झाला. बालपणीच त्यांच्यावर एक आघात झाला. त्यांना अर्धांगवायूचा विकार जडला. त्यातून जीव वाचला. परंतु चेहऱ्यावर त्या दुखण्याची खूण कायमची राहिली आणि वाणीही पूर्वीसारखी स्पष्ट राहिली नाही. ज्या वयात मुले मोठमोठ्याने श्लोक म्हणतात, एकमेकांना हाका मारतात, नाटकातल्या राजाची ऐट करून दाखवितात, त्या वयात या मुलाच्या जिभेला असा अडसर पडला.

अशा मुलाच्या वाट्याला जगात काय येते, हे वेगळे सांगावयास नको. तोंड वाकडे असलेल्याची नक्कल करणे सर्वांत सोपे असते, आणि अडखळत बोलणाऱ्याला चिडविण्यास बुद्धी लागत नाही. ज्याला अशा हसण्याचे भय असते, तो पुष्कळदा दोहोंपैकी एक मार्ग धरतो. एक तर तो लोकांपासून दूर पळतो आणि मनात कुढत बसतो. किंवा मनात राग धरून तोही इतरांना घायाळ करू लागतो. श्रीपाद कृष्ण यांनी यांपैकी एकही मार्ग धरला नाही. ते ग्रंथांकडे वळले. जिभेला जे जड जात होते, ते त्यांनी पुढे लेखणीकडून करवून घेतले. ज्याच्या चेहऱ्याला पाहून एखादा मूर्ख हसला असता, त्याच्याच लेखणीमुळे पुढे साऱ्या महाराष्ट्रातील सुबुद्ध लोक हसू लागले.

त्यांचे उच्च शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले. १८९१ साली ते बी. ए. झाले आणि १८९७ साली कायद्याची एल्एल्. बी. ही पदवी त्यांनी मिळविली. त्यानंतर ते वऱ्हाडात परतले व वकिली करू लागले. प्रथम अकोला आणि पुढे खामगाव व जळगाव जामोद ही त्यांच्या व्यवसायाची ठिकाणे होत. वकिली हा तर बोलण्याचा धंदा! ज्याच्या वाणीत दोष आहे, त्याने तो पत्करावा यातच त्याचे धैर्य दिसून येते.

त्या काळचे खामगाव कापसाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होते. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा झाला होता आणि कापसाच्या गाठी तेथून थेट मुंबईकडे जात असत. जळगाव जामोद हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. अशा गावांच्या कचेऱ्यांत वकिलाला नाना तऱ्हेची माणसे भेटतात. शेताच्या बांधावरून भांडणारे भाऊ येतात, कर्ज नाकारणारे कुळ येते, व्याजावर व्याज चढविणारा सावकार येतो, आणि ठरवून दिलेली साक्ष पाठ करून आलेला साक्षीदारही येतो. प्रत्येक जण आपणच खरे आहोत, असे गंभीर चेहऱ्याने सांगत असतो. ज्याला पाहावयाचे डोळे आहेत, त्याला मनुष्यस्वभाव शिकण्यास याहून चांगली शाळा मिळणार नाही.

श्रीपाद कृष्ण यांच्यापूर्वी मराठी माणूस हसत नव्हता, असे मात्र नव्हे. एकनाथांच्या भारुडांत हसू आहे, तमाशातील सोंगाड्या हसवितो, दारी येणारा बहुरूपी पोलिसाचे सोंग आणून मुलांना प्रथम घाबरवितो व मग हसवितो, आणि नाटकांत विदूषक असावयाचाच. तथापि छापील गद्यात केवळ विनोदासाठी निबंध लिहावा आणि विद्वानांनी तो मासिकात वाचावा, अशी रूढी नव्हती. विनोद हा करमणुकीच्या आणि पोरकटपणाच्या कोपऱ्यात बसविलेला होता. १९०२ साली ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकात श्रीपाद कृष्ण यांचा ‘साक्षीदार’ हा विनोदी लेख प्रसिद्ध झाला. हे मासिक १८६७ साली सुरू झालेले आणि गंभीर विषयांसाठी नावाजलेले. अशा मासिकाच्या पानांवर विनोद येऊन बसला आणि मराठीत एक नवे दालन उघडले. लेखाचे नावही पाहा. वकिलाच्या रोजच्या कामातूनच ते उचललेले आहे.

या लेखांपाठोपाठ इतर लेख आले आणि त्यांतून तीन पात्रे मराठी वाचकांच्या ओळखीची झाली. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही ती पात्रे होत. सुदामा स्वतः हकीकत सांगतो आणि बंडूनाना व पांडूतात्या हे त्याचे सोबती. एकाच माणसांची जोडी किंवा त्रिकूट घेऊन त्यांना निरनिराळ्या प्रसंगांत सोडावयाचे आणि त्यांच्या फजितीतून हसवावयाचे, ही युक्ती आज आपल्याला फार परिचयाची वाटते. परंतु मराठीत ती रुळविण्याचे श्रेय श्रीपाद कृष्ण यांना आहे.

हे लेख १९१० साली पुस्तकरूपाने निघाले. ‘सुदाम्याचे पोहे’ हे त्याचे नाव. सुदामा हा श्रीकृष्णाचा दरिद्री मित्र. तो द्वारकेला गेला तेव्हा भेट म्हणून त्याच्याजवळ केवळ मूठभर पोहे होते. पण मित्राने ते आवडीने खाल्ले. आपला विनोद हीही तशीच साधी भेट आहे, वाचकाने ती प्रेमाने स्वीकारावी, असा अर्थ या नावात सहज सापडतो. त्या पुस्तकात अठरा लेख होते, म्हणून त्याला ‘अठरा धान्यांचे कडबोळे’ असेही म्हटले होते. पुढे लेखांची संख्या बत्तीस झाली आणि १९२३ साली निघालेल्या पुस्तकाला ‘साहित्यबत्तिशी’ हे जोडनाव मिळाले. बत्तीस वस्तूंचा समूह ती बत्तिशी. आणि तोंडातील बत्तीस दातांनाही आपण बत्तिशीच म्हणतो. हसणाऱ्याची बत्तिशी दिसते! एका शब्दातून दोन अर्थ निघाले म्हणजे त्याला कोटी म्हणतात. श्रीपाद कृष्ण यांना कोट्या करण्याची फार आवड होती.

श्रीपाद कृष्ण लोकांना कसे हसवीत, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. त्यांची एक मुख्य युक्ती अशी की, हसविणाऱ्याने स्वतः हसावयाचे नाही. सुदामा आपला मूर्खपणा मोठ्या शहाणपणाचा आव आणून सांगतो. आपण काही चुकीचे करीत आहोत, हे त्याच्या ध्यानातच येत नाही. वाचकाला मात्र ते दिसते. सांगणाऱ्याच्या गंभीरपणामुळे ऐकणाऱ्याचे हसू दुप्पट होते. समजा, एक मनुष्य चष्मा कपाळावर सरकवून तोच चष्मा घरभर शोधीत आहे. तो हसत-हसत शोधू लागला तर मौज संपली. परंतु तो खरोखरीच त्रासला असेल, गादी उलटी करीत असेल, मांजरालाही संशयाने पाहत असेल, तर लहान मुलेसुद्धा हसून लोळू लागतात. कारण चष्मा कोठे आहे, हे त्याला ठाऊक नसून त्यांना ठाऊक असते.

दुसरी युक्ती अतिशयोक्तीची. चांगल्या गोष्टीचाही अतिरेक झाला म्हणजे ती हास्यास्पद होते. दुसऱ्याला आधी बसावयास सांगणे हा सौजन्याचा भाग आहे. पण दोन पाहुण्यांपुढे एकच पाट असावा, प्रत्येकाने दुसऱ्याला बसण्याचा आग्रह करावा, आग्रह वाढता-वाढता दोघांनी एकमेकांचे हात धरून ओढाओढ करावी, आणि तेवढ्यात तिसऱ्याने येऊन त्या पाटावर बसून जेवण उरकावे, अशी कल्पना करा. येथे सौजन्याची थट्टा नाही. विचारावाचून पाळलेल्या सौजन्याची आहे.

तिसरी युक्ती विसंगतीची. जी गोष्ट जेथे शोभत नाही, तेथे ती नेऊन ठेवावयाची. त्या काळी महाराष्ट्रात सभा-संमेलनांना ऊत आला होता. जो-तो अध्यक्ष निवडी, भाषणे करी आणि ठराव पास करी. श्रीपाद कृष्ण यांनी ‘चोरांचे संमेलन’ हा लेख लिहिला. चोरी हे लपूनछपून करावयाचे काम आणि संमेलन हा उघड्यावरचा समारंभ! ही दोन टोके एकत्र आणताच नुसत्या नावानेच हसू येते. पण हसून झाल्यावर वाचक विचार करू लागतो की, मोठमोठे शब्द बोलले म्हणजेच काम चांगले ठरते काय?

येथेच श्रीपाद कृष्ण यांच्या विनोदाचे मर्म आहे. त्यांचा विनोद नुसत्या गमतीसाठी नव्हता. त्या वेळच्या समाजात अनेक निरर्थक रूढी घट्ट बसल्या होत्या. शिमग्याच्या नावाखाली अचकटविचकट बोलणे, अर्थ न जाणता केलेली कर्मकांडे, लग्नातील मानापमान व उधळपट्टी, फलज्योतिषावरील अंध विश्वास, या गोष्टींना लोक धर्म समजत. त्यांविरुद्ध रागाने लिहिले तर लोक कान बंद करीत. श्रीपाद कृष्ण यांनी त्या लोकांना आरशासमोर उभे केले. सुदामा आणि त्याचे सोबती या रूढी अगदी मनापासून पाळतात आणि पाळता-पाळता त्यांचा वेडगळपणा उघडा पडतो. ज्या रूढीला माणूस एकदा हसला, तिच्यापुढे पुन्हा पूर्वीसारखी मान तुकविणे त्याला कठीण जाते.

विशेष हे की, त्यांनी ज्या गोष्टींना हसे केले त्या माणसाला सोडता येण्यासारख्या होत्या. ढोंग सोडता येते, अज्ञान सोडता येते, गर्व सोडता येतो. परंतु वाकडे तोंड, लंगडा पाय किंवा दारिद्र्य हे कोणी आपखुषीने घेतलेले नसते; त्यावर हसणे हा विनोद नव्हे, क्रूरपणा होय. हा भेद ज्याने स्वतः आपल्या देहावर भोगला होता, त्याला तो इतरांपेक्षा अधिक कळावा, यात नवल नाही.

श्रीपाद कृष्ण हे नाटककार म्हणूनही आपल्या काळी गाजले. १८९६ साली ‘वीरतनय’ हे त्यांचे नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्या वेळची बहुतेक संगीत नाटके पुराणांतील कथांवर आधारलेली असत. श्रीपाद कृष्ण यांनी स्वतःच्या कल्पनेतून कथानके रचली आणि पदांना नव्या, चटकदार चाली दिल्या. पुढे १९०१ साली ‘मूकनायक’, १९०३ साली ‘गुप्तमंजूष’ आणि १९०७ साली ‘मतिविकार’ अशी त्यांची नाटके एकामागून एक आली. ‘मूकनायक’ या नाटकात मद्यपानाचे दुष्परिणाम दाखविले आहेत, तर ‘मतिविकार’ या नाटकात विधवांच्या पुनर्विवाहाचा प्रश्न हाताळला आहे. ज्या काळी विधवेच्या विवाहाचे नाव काढले तरी घराघरांत वाद पेटत, त्या काळी तो विषय रंगभूमीवर आणणे सोपे नव्हते. त्यांच्या नाटकांची कथानके फार गुंतागुंतीची असतात आणि संवादांत कोट्यांची गर्दी होते, असा दोष जाणकारांनी दाखविला आहे. तो खराही आहे. तथापि मराठी नाटकाला त्यांनी नवी वाट दाखविली, याविषयी दुमत नाही.

हसविणारा मनुष्य उथळ असतो, असा अनेकांचा समज असतो. श्रीपाद कृष्ण यांचे जीवन पाहिले म्हणजे तो समज दूर होतो. गणित व ज्योतिषशास्त्र हे त्यांच्या आवडीचे विषय होते. ग्रहांच्या गती कशा मोजाव्यात, याचा त्यांनी कसून अभ्यास केला आणि ‘भारतीय ज्योतिर्गणित’ हा ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध केला. फलज्योतिषाची थट्टा करणाऱ्या या माणसाने आकाशातील ताऱ्यांचे खरे गणित मात्र मोठ्या श्रद्धेने मांडले. शिवाय त्यांनी साहित्यपरीक्षणे लिहिली, कादंबऱ्या लिहिल्या आणि कविताही लिहिल्या. महाराष्ट्र देशाचा गौरव करणारे त्यांचे महाराष्ट्रगीत तर अनेक पिढ्यांतील मुलांनी शाळांतून एकसुरात गाइले आहे. ज्या कवीला स्वतःला स्पष्ट बोलणे कठीण जाई, त्याचे शब्द हजारो मुलांच्या खणखणीत कंठांतून उमटले.

श्रीपाद कृष्ण यांना थोर शिष्यही लाभले. राम गणेश गडकरी हे त्यांत अग्रगण्य होत. गडकरी त्यांना गुरू मानीत. ‘बाळकराम’ या टोपणनावाने गडकऱ्यांनी जे विनोदी लेख लिहिले, त्यांना वाट दाखविली ती सुदाम्याच्या पोह्यांनीच. लोकप्रियतेत शिष्य गुरूच्या पुढे गेला. गुरूला त्याचा आनंदच वाटावयाचा. परंतु दैव निष्ठुर ठरले. २३ जानेवारी १९१९ रोजी गडकरी अवघ्या चौतिसाव्या वर्षाच्या आत नागपूरजवळील सावनेर येथे वारले, आणि चौदा वर्षांनी मोठ्या असलेल्या गुरूला शिष्याचा वियोग सोसावा लागला. सुप्रसिद्ध कादंबरीकार वि. स. खांडेकर हेही श्रीपाद कृष्ण यांना गुरुस्थानी मानीत. पुढे चिं. वि. जोशी यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी निर्माण केली, आचार्य अत्रे आणि पु. ल. देशपांडे यांनी महाराष्ट्राला पोट धरून हसविले. या साऱ्या परंपरेचा उगम शोधीत गेलो, तर आपण वऱ्हाडातील एका वकिलाच्या टेबलापाशी येऊन पोहोचतो.

१९२७ साली पुणे येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद श्रीपाद कृष्ण यांना देण्यात आले. विनोदाला पोरकट समजणाऱ्या समाजाने एका विनोदकाराला सारस्वतांच्या सभेत सर्वोच्च आसनावर बसविले. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या बीजाची पेरणी झाली होती, त्याला आलेले हे फळच होते. १ जून १९३४ रोजी, वयाची त्रेसष्ट वर्षे पुरी होण्यास थोडेच दिवस उरले असता, त्यांचे देहावसान झाले. त्यांचे ‘आत्मवृत्त’ त्यांच्या मृत्यूनंतर, १९३५ साली प्रसिद्ध झाले.

श्रीपाद कृष्ण यांची भाषा आज आपल्याला काहीशी जड वाटते. शंभर वर्षांपूर्वीच्या त्यांच्या कोट्या समजण्यास कधी कधी शब्दकोश उघडावा लागतो. ज्या रूढींना ते हसले, त्यांतील काही आता नाहीशाही झाल्या आहेत. परंतु त्यांनी घालून दिलेला धडा जुना झालेला नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात लहान मुलांना हसविण्यासाठी तुम्ही एखादा छोटा प्रवेश बसवाल, तेव्हा तो ध्यानात ठेवा. मोठ्या मापाचा कोट घालून येणारा ऐटबाज मनुष्य चालेल. छत्री उलटी धरून पावसाची तक्रार करणारा पंडित चालेल. धड्यातील प्रश्न सोडून बाकी सर्व प्रश्नांची उत्तरे देणारा हुशार विद्यार्थीही चालेल. हे करताना तुम्ही स्वतः हसू नका. पात्राचा मूर्खपणा त्याला शहाणपणच वाटू द्या, म्हणजे पहिलीतील मूलसुद्धा टाळ्या पिटील. मात्र वर्गातील तोतऱ्या मुलाचे बोलणे, जाड मुलाची चाल किंवा गरिबाचा फाटका सदरा हे हसण्याचे विषय करू नका. ज्या प्रवेशानंतर सभेतील एकही मूल मान खाली घालून घरी जात नाही, तोच प्रवेश उत्तम.

अर्धांगवायूने श्रीपाद कृष्ण यांच्या चेहऱ्यावरील हास्य वाकडे केले. पण त्यांच्या मनातील हास्य सरळ आणि निर्मळ राहिले. दुःखाने माणूस कडवट होतोच असे नाही. मन मोठे असेल तर त्याच दुःखातून तो इतरांना आनंद देण्याचे सामर्थ्य मिळवितो. सुदाम्याच्या मूठभर पोह्यांनी द्वारकेचा राजा तृप्त झाला, अशी कथा आहे. आपल्या वऱ्हाडातील या सुदाम्याने मूठभर लेखांनी उभ्या महाराष्ट्राला हसावयास शिकविले.